इंडिपेंडन्सचे दिवे : लीगमधल्या सर्वांत लहान गावाने रात्रीचं बेसबॉल आधी का सुरू केलं

सोमवार, २८ एप्रिल १९३०. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात इंडिपेंडन्स नावाचं गाव आहे. तिथल्या रिव्हरसाइड पार्कच्या मैदानावर वेस्टर्न असोसिएशन या लीगचा सामना अंधार पडल्यावर सुरू झाला. यजमान संघ इंडिपेंडन्स प्रोड्यूसर्स, पाहुणा संघ ओक्लाहोमातला मस्कोगी चीफ्स. मस्कोगीने १३–३ असा एकतर्फी विजय मिळवला. हा निकाल एरवी कुणाच्या लक्षातही राहिला नसता. पण करारांनी बांधलेल्या, ज्याला तिथे ‘ऑर्गनाइज्ड बेसबॉल’ म्हणतात त्या व्यवस्थेत, गुणतक्त्यात धरला जाणारा सामना विजेच्या दिव्यांखाली होण्याची ही पहिलीच वेळ होती. मेजर लीगला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलला, याच गोष्टीसाठी २४ मे १९३५ पर्यंत थांबावं लागलं.

तेव्हा इंडिपेंडन्सची वस्ती बारा-तेरा हजार. त्या हंगामात वेस्टर्न असोसिएशनमध्ये सहा संघ होते: इंडिपेंडन्स, मस्कोगी, जोप्लिन, स्प्रिंगफील्ड, फोर्ट स्मिथ आणि शॉनी. बाकीची पाचही शहरं इंडिपेंडन्सहून मोठी. मिसूरीतलं स्प्रिंगफील्ड तर पन्नास हजारांच्या वर. म्हणजे सगळ्यांत लहान गावाने सगळ्यांत आधी दिवे लावले. या प्रकरणातली अभ्यासण्यासारखी गोष्ट हीच आहे. इंडिपेंडन्सने दिवे लावले ते हौसेपोटी नाही. दुपारच्या सामन्यांवर तग धरता येणार नाही, हा हिशेब सगळ्यांत लहान गावालाच आधी कळला, म्हणून लावले.

गाव, लीग आणि क्लबचा संसार

इंडिपेंडन्स हे तेलाच्या पैशावर वाढलेलं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या टापूत नैसर्गिक वायू आणि तेल मिळालं. स्वस्त इंधनामागून विटा, काच आणि सिमेंटचे कारखाने आले. प्रेअरी ऑइल अँड गॅस या मोठ्या कंपनीचं मुख्यालय इथेच होतं. पुढे सिंक्लेअर ऑइल उभी करणारा हॅरी सिंक्लेअर याच गावात लहानाचा मोठा झाला. संघाचं ‘प्रोड्यूसर्स’ हे नावसुद्धा तेल-उत्पादकांवरून आलेलं. थोडक्यात, गावात पगारदार माणूस भरपूर होता: कचेऱ्यांतले कारकून, पाइपलाइनवरचे कामगार, कारखान्यांतले मजूर. मात्र दुपारी तीन वाजता ही सगळी मंडळी कामावर असायची.

मायनर लीग म्हणजे काय, हेही इथे सांगायला हवं. मेजर लीगच्या सोळा संघांखाली अमेरिकाभर लहान शहरांच्या लीग होत्या. ५ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागोत या लीगच्या प्रमुखांनी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ प्रोफेशनल बेसबॉल लीग्ज’ ही संघटना स्थापन केली. एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत, प्रत्येक क्लबच्या मुलखात दुसऱ्याने घुसायचं नाही, आणि लीगना दर्जा लावायचे, असा तो करार होता. १९३० मध्ये हे दर्जे वरून खाली एए, ए, बी, सी, डी असे होते. वेस्टर्न असोसिएशन ‘सी’ दर्जाची, म्हणजे खालून दुसरी.

या दर्जाच्या क्लबचं उत्पन्न तीन वाटांनी यायचं. पहिली तिकिटांचा गल्ला. दुसरी शेंगदाणे, सरबत आणि कुंपणावरच्या जाहिरातींचे किरकोळ पैसे. तिसरी, आणि बऱ्याचदा क्लब तारून नेणारी, म्हणजे चांगला निघालेला एखादा पोरगा वरच्या दर्जाच्या क्लबला विकणे. खर्चाच्या बाजूला चौदा-पंधरा खेळाडूंचे पगार, अंपायर, प्रवास, हॉटेलं आणि चेंडू. चेंडूंचा खर्च बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतो, पण लहान क्लबांत प्रेक्षकांत गेलेला फाऊल (मैदानाच्या रेषांबाहेर मारलेला) चेंडू परत करायला लोकांची मनधरणी करावी लागे. हा मुद्दा पुढे दिव्यांच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

तिसऱ्या वाटेवरही १९२० नंतर सावट आलं होतं. मेजर क्लबांना मायनर क्लबांची मालकी घेण्याची मोकळीक मिळाली आणि सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीने खालच्या क्लबांची साखळीच उभी करायला घेतली. मोठ्या क्लबला खेळाडू स्वतःच्याच साखळीत घडवता येऊ लागले, की स्वतंत्र लहान क्लबकडून विकत घेण्याची गरज कमी होते. शिवाय १९२० च्या दशकात लोकांच्या संध्याकाळीवर आणि खिशावर मोटारगाडी, रेडिओ आणि बोलपट यांनी एकाच वेळी हक्क सांगितला. त्यात ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला.

आता सामन्याची वेळ बघा. आठवड्याच्या दिवशी सामना दुपारी तीन-साडेतीनला सुरू व्हायचा, कारण सूर्य मावळायच्या आत नऊ इनिंग संपवायच्या असत. कॅन्ससमध्ये जुलै-ऑगस्टच्या दुपारी पारा ३८ अंशांवर जाणं नवलाचं नाही. कामगार कामावर, दुकानदार गल्ल्यावर, शेतकरी जूनमध्ये गव्हाच्या कापणीवर. राहिले सुट्टीतली मुलं, निवृत्त माणसं आणि काही रिकामटेकडे. म्हणजे पूर्ण हंगामात क्लबचे खरे कमाईचे दिवस रविवार, ४ जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) आणि सप्टेंबरमधला कामगार दिन एवढेच. पगार मात्र सातही दिवसांचे.

रात्री सामना ठेवल्याने नवे लोक गावात जन्माला येत नाहीत. जे पैसे देऊ शकतात त्यांच्या सवडीच्या वेळेत खेळ नेणं, एवढंच दिवे करतात. एवढ्यानेच संपूर्ण आठवड्याचं गणित बदलतं.

कल्पना जुनी, दिवे नवे

रात्रीच्या बेसबॉलची कल्पना इंडिपेंडन्सची नव्हे. २ जून १८८३ रोजी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथे जेनी कंपनीच्या १७ आर्क दिव्यांखाली (कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या ठिणगीवर चालणाऱ्या) एक सामना झाला होता. त्यात नॉर्थवेस्टर्न लीगचा क्विन्सी संघ स्थानिक कॉलेजच्या मुलांशी खेळला. १९०९ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या जॉर्ज केहिलने आपले दिवे सिनसिनाटीच्या मैदानावर नेऊन हौशी संघांचा सामना घडवला. २४ जून १९२७ रोजी मॅसेच्युसेट्समधल्याच लिन इथे जनरल इलेक्ट्रिकच्या मैदानावर न्यू इंग्लंड लीगचे लिन आणि सेलम हे संघ प्रदर्शनीय सामना खेळले. हे सगळे दिवे विकणाऱ्यांचे किंवा हौसेचे प्रयोग होते, आणि पैकी एकही सामना गुणतक्त्यात धरला गेला नाही.

मधल्या काळात दिवा बदलला होता. आर्क दिवा झगमगतो, फडफडतो, मध्येच काजळतो आणि त्याच्या कार्बन कांड्या सतत बदलाव्या लागतात. १९२० च्या दशकात वायू भरलेले, टंगस्टन तारेचे १००० वॉटचे दिवे आणि त्यांच्यासाठी चांगले रिफ्लेक्टर सहज मिळू लागले. विमानतळ, रेल्वे यार्ड आणि फुटबॉल मैदानं यांना हे फ्लडलाइट लागत होते. म्हणजे तंत्र तयार होतं. ते बेसबॉलला लावायची निकड तेवढी कुणालातरी वाटायला हवी होती.

१९२९ च्या डिसेंबरात मायनर लीगच्या वार्षिक बैठकीत आयोवातल्या डे मॉइनच्या क्लबचे मालक ली कीझर यांनी आपण पुढच्या हंगामात रात्री खेळणार असं जाहीर केलं. डे मॉइन हे ‘ए’ दर्जाचं शहर. वस्ती १ लाख ४० हजारांवर. पण त्यांच्या संघाचा हंगाम बाहेरगावी सुरू होणार होता आणि घरचा पहिला सामना मे महिन्यात होता. इंडिपेंडन्सने तेवढ्या फटीत डाव साधला. १७ एप्रिलला लांब दाढ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हाउस ऑफ डेव्हिड या फिरत्या संघाशी दिव्यांखाली सराव सामना घेतला आणि २८ एप्रिलला लीगचा सामना. चार दिवसांनी, २ मे रोजी, डे मॉइनने विचिटाविरुद्ध आपले दिवे लावले. तिथे सहा मनोरे, प्रत्येकी ९० फूट उंच, १४६ फ्लडलाइट, बारा हजारांच्या आसपास प्रेक्षक, आणि सामन्याचं रेडिओवर प्रक्षेपण. साहजिकच वर्तमानपत्रांनी डे मॉइनला डोक्यावर घेतलं. आजही काही जण पहिल्या रात्रीचा मान डे मॉइनला देतात. तारखा बघितल्या तर तो इंडिपेंडन्सचाच आहे.

मैदान उजळायचं म्हणजे नेमकं काय

चांगल्या दर्जाचा वेगवान चेंडू ताशी १३० किलोमीटरने आला तर पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातून होम प्लेटपर्यंत (बॅटर उभा असतो तिथपर्यंत) पोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहूनही थोडा कमी वेळ लागतो. चेंडूचा घेर साधारण २३ सेंटिमीटर, वजन १४२ ते १४९ ग्रॅम. तेवढ्या वेळात बॅटरला चेंडूची शिवण कशी फिरते हे दिसायला हवं. म्हणून बेसबॉलला लागणारा उजेड फुटबॉलच्या कितीतरी पट. आणि नुसतं गवत उजळून भागत नाही, हवेतला चेंडू उजळावा लागतो.

साधा हिशेब मांडू. समजा, १००० वॉटचे १०० दिवे आहेत. त्या काळच्या टंगस्टन दिव्यातून एका वॉटला सुमारे २० ल्युमेन (प्रकाशाचं एकक) मिळतात, म्हणजे एकूण २० लाख ल्युमेन. रिफ्लेक्टरमधली गळती आणि मैदानाबाहेर सांडणारा उजेड वजा जाता निम्मे, १० लाख, हाती राहतात. फाऊल भागासह मैदानाचं क्षेत्रफळ सुमारे १०,००० चौरस मीटर धरलं तर सरासरी १०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). चांगल्या उजेडाच्या कचेरीत ३०० ते ५०० लक्स असतात. भर उन्हात ५०,००० च्या वर. सगळीकडे समान वाटून उपयोग नाही, म्हणून इनफिल्डवर (चार बेसांमधल्या आतल्या भागावर) जास्त झोत आणि आउटफिल्डवर (त्यामागच्या मोकळ्या भागावर) कमी असा भेद करतात. तिथेच आउटफिल्डरचे हाल सुरू होतात.

खांब कुठे रोवायचे, यात सर्वाधिक चुका होत. बॅटर पिचरकडे म्हणजे सेंटर फिल्डच्या (आउटफिल्डच्या मधल्या भागाच्या) दिशेने बघतो, तेव्हा सेंटर फिल्डच्या सरळ मागे दिवा असता कामा नये. पिचर आणि आउटफिल्डर होम प्लेटकडे बघतात, तेव्हा होम प्लेटच्या नेमक्या मागेही नको. राहतात बाजूच्या जागा: पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या बाहेर, ग्रँडस्टँडच्या टोकांना आणि आउटफिल्डच्या कोपऱ्यांत. प्रत्येक जागेवर किमान दोन दिशांनी झोत एकमेकांवर पडायला हवेत. एकाच बाजूने उजेड आला तर चेंडू अर्ध्या चंद्रासारखा दिसतो आणि त्याचं अंतर डोळ्याला कळत नाही.

उंचीचं महत्त्वही तेवढंच. खांब ठेंगणा असेल तर दिवा खेळाडूच्या नजरेच्या रेषेत येतो, डोळे दिपतात, आणि जमिनीवर लांबलचक सावल्या पडतात. डे मॉइनचे मनोरे ९० फूट, म्हणजे सुमारे २७ मीटर होते. उंच उडालेला चेंडू ३० मीटरच्याही वर जातो. म्हणजे चांगल्या मनोऱ्यांच्या मैदानावरसुद्धा चेंडू काही क्षण दिव्यांच्या वर निघून जातो आणि काळ्या आभाळात दिसेनासा होतो. उपाय म्हणजे काही झोत मुद्दाम वरच्या दिशेने वळवणं. जिथे पैसे वाचवायला सगळे दिवे खाली जमिनीकडे वळवलेले असत, तिथे आउटफिल्डर अंदाजाने पळायचा आणि चेंडू पुन्हा उजेडात शिरला की धावत्या पायांनी दिशा बदलायचा.

विजेच्या जोडणीतही असाच फसवा भाग आहे. १०० किलोवॉटचा भार १२० व्होल्टवर आणायचा तर ८०० हून जास्त अँपिअर लागतात. एवढ्या जाड तांब्याच्या तारा लहान क्लबला परवडणाऱ्या नाहीत. म्हणून उच्च दाबाची लाइन मैदानापर्यंत आणून खांबांजवळ ट्रान्सफॉर्मर बसवावे लागतात. ट्रान्सफॉर्मरपासून दिव्यापर्यंतची तार लांब किंवा बारीक झाली की व्होल्टेज पडतं, आणि टंगस्टन दिवा याबाबतीत फार हळवा असतो. व्होल्टेज ५ टक्के कमी झालं तर उजेड १६ टक्के कमी होतो. १० टक्के पडलं तर ३० टक्के. मैदान मंद दिसतं म्हणून जास्त दिवे चढवले तर त्याच तारेवर भार वाढतो आणि सगळेच आणखी मंदावतात. दिवे वाढवण्याआधी खांबाच्या टोकाला व्होल्टेज मोजावं, हा धडा अशा चुकांतूनच मिळतो.

उलट दिशेला मात्र क्रीडा मैदानाला एक खास सवलत मिळते. दिवा १० टक्के जास्त व्होल्टेजवर चालवला तर उजेड सुमारे ३८ टक्के वाढतो, आणि आयुष्य साधारण तीन-दशांशावर येतं: १००० तासांचा दिवा ३०० तासांच्या आत जातो. घरात हा वेडेपणा ठरेल. पण मायनर लीगच्या मैदानावर घरचे सामने ६०-७०, प्रत्येकी अडीच तास दिवे लागले तर वर्षाला पावणेदोनशे तास होतात. म्हणजे वाढीव व्होल्टेजवरसुद्धा दिवा अख्खा हंगाम काढतो, आणि तेवढ्याच उजेडाला शंभराऐवजी सत्तर-बहात्तर दिवे पुरतात. खांब, रिफ्लेक्टर आणि तारा सगळंच त्या प्रमाणात कमी लागतं. लहान क्लबला याहून मोठी बचत दुसरी सापडणार नाही.

संधिप्रकाश, दव आणि मळका चेंडू

सर्वांत वाईट वेळ म्हणजे काळोख नव्हे, संधिप्रकाश. इंडिपेंडन्सला एप्रिलअखेर सूर्य सात-दहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर पावणेआठला (त्या काळी तिथे उन्हाळी वेळ नव्हती, म्हणून हे घड्याळ खरं). मावळल्यावर अर्धा-पाऊण तास आभाळ उजळ राहतं आणि दिव्यांचा उजेड त्यापुढे फिका पडतो. पांढरा चेंडू राखाडी आभाळावर उठून दिसत नाही. म्हणून सामना आठ-साडेआठच्या आधी सुरू करू नये. पण उशिरा सुरू केला तर सकाळी कामावर जाणारा माणूस सातव्या इनिंगलाच उठतो. जूनमध्ये ही ओढाताण सगळ्यांत जास्त.

क्रिकेटमध्ये दिवस-रात्र सामन्यांसाठी पांढरा आणि पुढे गुलाबी चेंडू आणावा लागला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बेसबॉलची ती अडचण मुळातच नव्हती; त्याचा चेंडू पहिल्यापासून पांढरा. अडचण वेगळी होती: तो पांढरा राहतो का? ऑगस्ट १९२० मध्ये रे चॅपमन या मेजर लीग खेळाडूचा डोक्याला चेंडू लागून मृत्यू झाला. तेव्हापासून मळलेला चेंडू लगेच बदलण्याची सक्ती मेजर लीगमध्ये कडक झाली. ‘सी’ दर्जाच्या क्लबला ती चैन कठीण. दिवसा थोडा मळका चेंडू निभावून जातो. १०० लक्सच्या उजेडात मातकट चेंडू बॅटरला जवळजवळ अदृश्य होतो. त्यामुळे दिवे लावणाऱ्या क्लबने विजेच्या बिलासोबत चेंडूंचं बिलही वाढणार हे धरूनच चालायला हवं. त्यात रात्री गवतावर दव पडतं, चेंडू ओला होतो, पिचरची पकड सुटते, आणि ओला चेंडू लाल मातीत लोळला की आणखी काळा पडतो.

पावसाची सर आली तर उघड्या तापल्या दिव्यावर पाण्याचा थेंब पडून काच तडकते. म्हणून समोर काच असलेले बंद फ्लडलाइट घ्यावे लागतात. ते महाग, आणि काचेवर धूळ-किडे बसले की उजेड घटतो. किड्यांचं तर विचारूच नका. नदीकाठच्या मैदानावर उन्हाळ्याच्या रात्री त्यांचे ढग जमतात. काच दर काही सामन्यांनी पुसायची तर माणूस खांबावर चढवावा लागतो.

त्याच रात्री, २०० किलोमीटरवर

इंडिपेंडन्सला दिवे लागले त्याच २८ एप्रिलच्या रात्री, सुमारे २०० किलोमीटरवर ओक्लाहोमातल्या एनिड गावात कॅन्सस सिटी मोनार्क्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ फिलिप्स विद्यापीठाच्या संघाशी दिव्यांखाली खेळत होता. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी नवे कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायचे नाहीत असं ठरवलं, आणि त्यानंतर काही वर्षांतच करारबद्ध बेसबॉलचे सगळे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले. ते १९४६ मध्ये जॅकी रॉबिन्सन मॉन्ट्रियलकडून खेळेपर्यंत बंदच राहिले. म्हणूनच ‘ऑर्गनाइज्ड बेसबॉलमधला पहिला रात्रीचा सामना’ या बिरुदात मोनार्क्स बसत नाहीत. इंडिपेंडन्सचा मान सांगताना हे सांगितलं नाही तर इतिहास अर्धा राहतो.

तांत्रिकदृष्ट्या तर मोनार्क्सचं काम जास्त धाडसाचं होतं. त्यांचे मालक जे. एल. विल्किन्सन यांच्याकडे स्वतःचं मैदान नव्हतं; संघ गावोगाव फिरायचा. म्हणून दिवेही फिरते हवे होते. त्यांनी ट्रकवर बसवलेले, ४५-५० फुटांपर्यंत उभे होणारे खांब बनवून घेतले आणि २५० अश्वशक्तीच्या इंजिनवर चालणारा १०० किलोवॉटचा जनरेटर सोबत घेतला. खर्च एवढा की भागीदार घ्यावा लागला. जनरेटर आउटफिल्डच्या बाजूला ठेवला की त्याच्या आवाजात खेळाडूंना एकमेकांच्या हाका ऐकू येत नसत. इंजिनचा वेग कमी-जास्त झाला की दिवे मंद-तेज होत. आणि खांब ठेंगणे असल्यामुळे उंच चेंडू हरवायचा. तरीही ज्या गावात रविवारखेरीज प्रेक्षक मिळत नव्हते तिथे आता कोणत्याही वारी सामना लावता येऊ लागला.

दोन्ही संघ एकाच अडचणीतून एकाच रात्री दोन वेगळ्या उत्तरांपर्यंत पोचले. कायमचे खांब रोवणारा क्लब एकाच गावाच्या लोकसंख्येला बांधला जातो. फिरते दिवे रोज नव्या गावात नवलाई घेऊन जातात.

नवलाई आणि हिशेब

डे मॉइनच्या दिव्यांना २० हजार डॉलरच्या आसपास खर्च आला. तेवढी रक्कम धरून चला, तिकीट ५० सेंट समजा, आणि घरचे सामने ६५. एका हंगामात भांडवल फेडायचं तर ४०,००० जादा तिकिटं, म्हणजे दर सामन्याला ६१५ जादा माणसं लागतात. डे मॉइनसारख्या शहरात हे लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. इंडिपेंडन्समध्ये ते जवळपास पाच टक्के होतं, तेही रोज रात्री. त्यामुळे लहान गावाला एकतर दिवे कमी आणि खांब स्वस्त ठेवावे लागतात, किंवा फेडीला तीन-चार हंगाम द्यावे लागतात. कमी दिव्यांत खेळ वाईट दिसतो. तीन-चार हंगामांची हमी १९३० साली कुणीच देऊ शकत नव्हतं.

विजेच्या बिलाचाही एक बारकावा आहे. मोठ्या जोडणीला जळालेल्या युनिटांखेरीज डिमांड चार्ज लागतो, म्हणजे महिन्यातल्या सर्वाधिक भारावर ठरणारी रक्कम. संघ अर्धा महिना बाहेरगावी असला तरी ती पूर्ण भरावी लागते. म्हणून एकदा जोडणी घेतली की महिन्याला चारच रात्रीचे सामने ठेवणं सगळ्यांत महाग पडतं. शक्य तेवढे सामने रात्री ढकलणंच परवडतं. अर्धवट प्रयोग करणारे क्लब इथे फसत.

ही लाट मात्र थांबली नाही. १० जूनला पॅसिफिक कोस्ट लीगमधल्या सॅक्रामेंटोत, २० जूनला टेक्सास लीगमधल्या वेकोत, ३ जुलैला इंटरनॅशनल लीगमधल्या बफलोत दिवे लागले. एकाच हंगामात खालच्या दर्जापासून वरच्यापर्यंत. मंदीत मायनर लीगची संख्या घटत घटत १९३३ मध्ये चौदावर आली. तगून राहिलेल्या क्लबांना रात्रीच्या गल्ल्याचा मोठा आधार होता. ओहायोतल्या कोलंबसच्या मायनर क्लबमध्ये दिव्यांचा अनुभव घेतलेले लॅरी मॅकफेल पुढे सिनसिनाटीत गेले आणि १९३५ मध्ये मेजर लीगचा पहिला रात्रीचा सामना त्यांनीच घडवला: ६३२ दिवे आणि २०,४२२ प्रेक्षक.

इंडिपेंडन्सला मात्र दिवे वाचवू शकले नाहीत. मंदीत तेलाचे भाव कोसळले, १९३२ मध्ये प्रेअरी ऑइल अँड गॅस सिंक्लेअरच्या कंपनीत विलीन झाली, आणि ज्या पगारदार माणसाच्या संध्याकाळीवर सगळा डाव लावला होता तोच गावातून कमी होऊ लागला. त्याच मंदीत क्लबही बंद पडला.

गावात मायनर लीग परतली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, कॅन्सस-ओक्लाहोमा-मिसूरी या तीन राज्यांच्या ‘डी’ दर्जाच्या लीगमधून, तेव्हा शुल्थिस स्टेडियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच पार्कातल्या मैदानावर. १९४९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने तिथे सतरा वर्षांचा एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) पाठवला: पुढे मोठा तारा झालेला मिकी मँटल. त्याने ८९ सामन्यांत बॅटिंगमध्ये .३१३ ची सरासरी (दर हजार प्रयत्नांत ३१३ यशस्वी फटके) राखली आणि क्षेत्ररक्षणात ४७ चुका केल्या. पुढच्या वर्षी त्याची बढती जोप्लिनला झाली, म्हणजे ‘सी’ दर्जाच्या वेस्टर्न असोसिएशनमध्ये. त्याच नावाच्या लीगमध्ये १९३० च्या एप्रिलमध्ये इंडिपेंडन्सने पहिले दिवे लावले होते.